वहीला मार्क नकोत

आमची नात पुण्यात डिझाइनच्या कॉलेजात शिकते, हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहेच. तिच्या वर्गात एक पद्धत आहे. प्रत्येक कामाबरोबर एक वही द्यायची. काय सुचलं, काय फसलं, कुणाशी काय बोलणं झालं, आपलं मत नेमकं कुठे बदललं, हे सगळं त्यात तारीखवार लिहायचं. याला ते लोक 'रिफ्लेक्शन' म्हणतात. मराठीत 'चिंतन' म्हणावं तर फारच सोवळं वाटतं, आणि 'आत्मपरीक्षण' म्हटलं तर काहीतरी गुन्हा केल्यासारखं. मी आपली 'वही'च म्हणते.

तिची दुसऱ्या वर्षाची एक वही मी पूर्ण वाचली. तिच्या परवानगीने. त्याबद्दल इथे लिहू का विचारलं तर म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नकोस, आणि माझं शुद्धलेखन सुधारू नकोस." पहिली अट पाळते आहे. दुसरी पाळताना काय यातना होतात ते चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईलाच कळेल. :-)

हे लिहायला निमित्त घरातलंच आहे. गेल्या लग्नसराईत किमान तीन नातेवाइकांनी मला विचारलं, की एवढी फी भरून पोरगी शेवटी शिकते काय? एकाने तर "चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा शाळेतच झाल्या ना, मग आता चार वर्षं काय?" असंही विचारलं. मांडवात बँडच्या आवाजात उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून इथे देते. मंडळी, तुम्ही हे वाचता मला माहीत आहे.

त्या सहामाहीत त्यांना काम होतं, घरातल्या एका वयस्कर माणसाची रोजची एक अडचण शोधायची आणि त्यावर काहीतरी बनवायचं. तिने माझ्या गोळ्या निवडल्या. सुरुवातीला त्यांच्या सरांनी वर्गात अमेरिकेतलं एक उदाहरण दाखवलं होतं. डेबोरा ॲडलर नावाची न्यूयॉर्कमधली विद्यार्थिनी. तिच्या आजीने चुकून आजोबांची औषधं घेतली. दोघांच्या बाटल्या सारख्याच दिसायच्या. या मुलीने पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रबंधासाठी औषधाच्या बाटलीचाच विचार केला. गोल बाटलीवर लेबल वाचताना बाटली फिरवत बसावी लागते, म्हणून सपाट बाजू. औषधाचं नाव मोठ्या अक्षरात. घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा रंग, त्या रंगाची कडी बाटलीच्या मानेला. टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने २००५ मध्ये ती बाटली आपल्या औषध विभागात आणली. एका मुलीने वर्गासाठी केलेलं काम लाखो घरांत गेलं.

आता आमच्या बाईसाहेबांची वही. पहिल्याच पानावर वाक्य आहे, "आजी गोळ्या घ्यायला विसरते." आणि खाली एक झकास डबी. आठवड्याचे सात कप्पे, वर गजर, मोबाईलला जोडलेली, गोळी घेतली नाही की मुलाला म्हणजे माझ्या चिरंजीवांना निरोप जाणार. चित्र इतकं देखणं की दुकानातून आणल्यासारखं. ते वर्गात भिंतीवर लावलं गेलं. सरांनी चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "आजी विसरते, हे तुला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं तिच्या बाबांनी. आजीने सांगितलेलं नव्हतं, आणि आजीला विचारलेलंही नव्हतं.

मग ती साताऱ्याला आली आणि चार दिवस राहिली. वही घेऊन स्वयंपाकघरात बसायची. मी चहा टाकते, गोळ्या काढते, घेते, ती लिहिते. पहिल्या दिवशी मला राग आला होता. आपल्याच घरात आपल्याला कुणी 'युजर' म्हणून टिपून घेतंय! मी म्हटलंसुद्धा, "अगं, मी तुझी आजी की तुझा प्रयोगातला बेडूक?" पण नंतर वही वाचली तेव्हा त्या चार दिवसांची पानं मला सगळ्यात आवडली. त्यात मत कमी आणि पाहिलेलं जास्त आहे.

तिने पाहिलं ते असं. मी विसरत नाही. चार दिवसांत एकही गोळी चुकली नाही. थायरॉइडची गोळी बाटलीत येते, तिच्याबद्दल तक्रार नाही. भानगड आहे ती पट्ट्यांची. रक्तदाबाची सकाळची आणि कोलेस्टेरॉलची रात्रीची, दोन्ही पांढऱ्या, गोल, जवळजवळ एका मापाच्या. नाव चकचकीत चांदीवर बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. ट्यूबलाइटखाली ती चांदी चमकते आणि अक्षर दिसेनासं होतं, म्हणून मी पट्टी घेऊन खिडकीशी जाते. चिरंजीवांची इतकी वर्षं समजूत होती की आई खिडकीशी उभी राहून देवाचं नाव घेते! दुकानदार दहातल्या सहा गोळ्या हव्या म्हटल्यावर पट्टी कात्रीने कापून देतो, मग नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्यावर. रंग लक्षात ठेवावा तर पुढच्या महिन्यात त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी हातात येते, निळ्याची हिरवी होते. आणि अंगठ्याच्या सांध्यामुळे गोळी दाबून बाहेर काढता येत नाही, तेव्हा मी चमच्याचं टोक वापरते. हे शेवटचं माझ्याही लक्षात नव्हतं. हात ते आपोआप करत होता.

यातलं एकही कारण गजर लावून सुटणारं नाही.

चौथ्या दिवशी तिला माझी कंपासपेटी सापडली. जुनी, पत्र्याची. तीत पट्ट्या उभ्या लावून, प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर काळ्या जाड पेनने मी लिहिलेलं असतं, 'पहाटे', 'नाश्त्यानंतर', 'निजताना'. त्या रात्रीचं पान फार मोकळं आहे. तिने लिहिलंय, "आजीने आधीच डिझाइन केलंय. माझ्या डबीपेक्षा चांगलं. मग मी इथे काय करायला आलेय?" पुढे अर्धं पान कोरं.

माझ्या मते तिचं दुसरं वर्ष त्या कोऱ्या अर्ध्या पानात वसूल झालं. फीसकट.

कारण बघा, अठरा-एकोणीस वर्षांपर्यंत आपण मुलांना काय शिकवतो? प्रश्न छापून येतो, उत्तर आपण द्यायचं. प्रश्नच चुकीचा असू शकतो, ही शक्यता दहावीच्या पेपरात फक्त छपाईची चूक झाली तरच येते, आणि तेव्हा सरसकट मार्क वाटतात. इथे पोरीला पहिल्यांदा कळलं की आपण ज्या प्रश्नाचं इतकं सुंदर उत्तर काढलं तो प्रश्न कुणालाच पडलेला नव्हता. हे पुस्तकात वाचून कळत नाही. त्यासाठी आधी ती सुंदर डबी काढावी लागते, भिंतीवर लावावी लागते आणि मग आजीकडे चार दिवस राहावं लागतं.

आमच्या एका भाचेजावयांचं म्हणणं, हे निरीक्षण वगैरे सगळं परदेशी खूळ आहे. त्यांना दोन गोष्टी सांगते. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये निघाली. त्याआधी १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवरा-बायकोने सरकारसाठी एक अहवाल लिहिला होता. देशभर हिंडून त्यांना सगळ्यात भावला तो आपला लोटा. तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, हात आत घालून घासता येतो का, किंमत किती, टेकवला की आवाज कसा येतो, असे ढीगभर प्रश्न त्यांनी मांडले. लोटा कुणा एकाने बसून काढलेला नाही, पिढ्यांनी वापरून वापरून घडवलाय, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे खूळ परदेशी असेल, पण वस्तू आपल्या माजघरातली.

दुसरी गोष्ट आम्हा शिक्षकांच्या जास्त जवळची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. मुलं असतात कुठे ते पाहिलं. मुलं वाडीत असतात, अंगणात असतात, मग शाळाच अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण सरकारी म्हणून वापरतो, त्याचं मूळ तिथे आहे. थोडी मोठी मुलं गुरं घेऊन कुरणात जातात, तर कुरणात शाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नाहीत, तर शंख, शिंपले, बिया, पानं, खडे. याला त्या काळी कुणी डिझाइन म्हटलं नसेल. पण आमच्या नातीच्या वर्गात जे शिकवतात ते याहून वेगळं काय आहे? मला तरी दिसत नाही.

असो. पुढे काय झालं ते सांगते, नाहीतर फोन येतील.

तिने डबीचा नाद सोडला. जाड कागदाचं एक छोटं पाकीट केलं, कापलेली पट्टी त्यात सरकवायची. पाकिटावर औषधाचं नाव देवनागरीत, चांगलं बोटभर उंच. पट्टी कापली, कंपनी बदलली, तरी पाकीट तेच. पहिलं पाकीट खिडकीतल्या पावसाने भिजलं. दुसऱ्यातून गोळी काढायला पट्टी बाहेर ओढावी लागायची, म्हणजे चमचा आलाच. तिसऱ्याला मागून भोकं पाडली. मग ती शेजारच्या आक्कांकडे घेऊन गेली. आक्कांना वाचायला फारसं येत नाही. त्या म्हणाल्या, "अक्षरं ऱ्हाऊ दे बाय, चित्र काढ." हिने सूर्य आणि चंद्र काढले. आक्कांनी विचारलं, "ह्यो सूर्य सकाळचा का दुपारचा?" झालं! सगळी पाकिटं पुन्हा. शेवटी चहाचा कप, जेवणाचं ताट आणि उशी अशी तीन चित्रं ठरली. आक्कांनी एका नजरेत ओळखली. या सगळ्यात मुदत आली, पाकीट अर्धवटच राहिलं, कडा नीट चिकटलेल्या नव्हत्या.

निकाल लागला. पाकिटाला बी. वहीला ए.

पाकिटाला बी मिळाला याचं मला काहीच वाटलं नाही, कडा खरंच उचकटल्या होत्या. पण वहीला ए मिळाला त्याची मला काळजी वाटली, आणि ती काळजी खरी ठरली.

पुढच्या सहामाहीची वही ती सुट्टीत घेऊन आली. काम वेगळं होतं, शाळेच्या दप्तराचं. मी वाचायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर थांबले. लिहिलं होतं, "या प्रवासात मी स्वतःला नव्याने शोधले." मी विचारलं, "कुठे हरवली होतीस?" ती हसली. मग जरा वेळाने म्हणाली, "आजी, असं लिहिलं की मार्क मिळतात गं. सगळेच लिहितात. आधी चूक झाली असं लिहायचं, मग डोळे उघडले असं लिहायचं, मग शेवटी कृतज्ञता." आणि खरंच, पूर्ण वहीत चूक, डोळे, कृतज्ञता, चूक, डोळे, कृतज्ञता. दप्तर उचलणारं पोर कुठेच नाही! त्याच्या खांद्यावर पट्टा कुठे रुततो, ते दप्तर कुठे टाकतं, डबा सांडला तर काय होतं, काही नाही. तिने चूकही सोयीची निवडली होती, बेताची, सुधारता येण्यासारखी. खऱ्या चुका माणूस परीक्षकाला कशाला दाखवेल?

मी आयुष्यभर निबंध तपासलेत हो. 'माझी सहल' या निबंधात सगळ्या मुलांची सहल अविस्मरणीय ठरते. ज्याला घाटात उलटी झाली आणि जो दिवसभर गाडीत पडून होता, त्याचीही. मुलं खोटारडी नसतात. मार्क कशाला मिळतात हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं, एवढंच. एरवी बिघडत नाही, सहलीचं खोटं वर्णन लिहून कुणाचं नुकसान होत नाही. पण या वहीचं काम वेगळं आहे. 'मला काय दिसलं आणि मी काय समजत होते' यातलं अंतर मोजायची ती पट्टी आहे. तीच वाकवली तर मोजणार कशाने? आणि उद्या ही मुलं औषधांची, गाड्यांची, दवाखान्यातल्या खाटांची रचना करणार आहेत. तेव्हा "आजी विसरते" हे चूक निघालं तर ते स्वतःशी कबूल करायची सवय त्यांना हवी आहे, ते कबूल केल्याचं छान लिहायची नव्हे.

शाळेतही हेच झालंय. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती. शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे वर्षभर नीट बघावं आणि त्याच्याबद्दल वर्णनात्मक नोंदी कराव्यात. मी तोवर निवृत्त झाले होते, पण माझी भाची शिकवायची. तिच्या टेबलावर एकदा मला तयार नोंदींचं पुस्तक दिसलं. विषयवार, इयत्तावार, शेकडो वाक्यं. वर्गात पन्नास मुलं, नोंदी तपासायला वरून माणूस येणार, मग ती बिचारी दुसरं काय करणार? मुलाकडे बघण्यासाठी काढलेली नोंद, आणि ती भरायची म्हणून मुलाकडे बघायला वेळ उरत नाही.

नातीच्या सरांना मी एकदा हे बोलून दाखवलं. तरुण आहेत, नम्र आहेत, मन लावून शिकवतात. ते म्हणाले, "बाई, मार्क नाही ठेवले तर पोरं वही लिहिणारच नाहीत." हे काही खोटं नाही. परीक्षेला नसलेला धडा किती मुलं वाचतात ते मला विचारा. शिवाय मार्क ठेवण्यामागे त्यांचा हेतू चांगलाच होता. फक्त शेवटची वस्तू बघून मार्क दिले तर ज्याच्याकडे हात आहे, किंवा बाहेरून करून आणायला पैसे आहेत, तोच पुढे जातो. धडपडणाऱ्याला काही मिळत नाही. हा मुद्दा मला पटतो. तरीही माझं म्हणणं बदलत नाही.

धडपडीला मार्क द्यायचे तर धडपडीच्या खुणांना द्या. भिजलेलं पाकीट, भोकं पाडलेलं पाकीट, सूर्य-चंद्राचं पाकीट, सगळी टेबलावर मांडायला लावा. किती नमुने केले, किती माणसांच्या हातात दिले, त्यांनी काय केलं, ते समोरासमोर विचारा. ते खोटं करता येत नाही, निदान सोपं नाही. वहीला मात्र आमच्या रफ वहीसारखं ठेवा. शिक्षकाने ती बघावी, खाली सही-तारीख टाकावी, वाटल्यास समासात एखादा प्रश्न लिहावा. "हे तुला कुणी सांगितलं?" असा एक प्रश्न ए-बी-सीपेक्षा भारी पडतो, आमच्या घरी तर पडलाच. नातीच्या वाचनाच्या यादीत डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाचं १९८३ चं पुस्तक होतं. तिने मला त्यातला वास्तुकलेच्या वर्गाचा भाग समजावून सांगितला. विद्यार्थिनी अडलेली आहे, शिक्षक तिच्याच कागदावर काढत काढत तिच्याशी बोलतो, आणि विचार त्या काढण्यातच होत राहतो. तिथेही गोष्ट अशीच आहे की, दोन माणसं आणि मध्ये एक कागद. मार्काचा तक्ता मला त्यात कुठे ऐकू आला नाही.

हे सर ऐकून घेतात, पण त्यांच्यावरही वरून तक्ते येतात. इतके टक्के प्रक्रिया, इतके टक्के परिणाम. तक्ता करणाऱ्याने एकदा साताऱ्याला येऊन चार दिवस स्वयंपाकघरात बसावं, चहा मी देईन.

आणि नातेवाईक मंडळींचा शेवटचा प्रश्न, "त्या पाकिटाचं पुढे काय? पेटंट घेतलं का?" नाही घेतलं. आक्का वापरतात, त्यांच्या बहिणीलाही दोन करून दिलीत. मी माझी कंपासपेटीच वापरते, नातीला त्याचं वाईट वाटत नाही. आणि ती अमेरिकेतली बाटली माहीत आहे ना? २०१५ मध्ये टार्गेटने आपली औषध दुकानं सीव्हीएस या दुसऱ्या साखळीला विकली आणि नव्या मालकाने ती बाटली बंद केली. लोकांनी तक्रारी केल्या, जुन्या बाटल्या जपून ठेवल्या. म्हणजे लाखो घरांत गेलेली वस्तूही कुणाच्या तरी हिशेबात एका दिवसात जाते. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे पेटंट मागू नका. तिला विचारायचंच असेल तर, आक्कांनी सूर्याबद्दल काय म्हटलं, ते विचारा. ती अर्धा तास बोलेल.

सध्या तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, आता ती दोन वह्या ठेवते. एक कॉलेजात द्यायची, एक आपली. कॉलेजच्या वहीला पुन्हा ए आहे. दुसरी कुणाला दाखवत नाही. मीही मागितलेली नाही.